झाकण कोणत्या डब्यात टाकलंस?

ओहायोत ऑगस्ट सरत आला की फार्मर्स मार्केटमध्ये टोमॅटो टोपल्यांनी येतात आणि आमच्या गल्लीतले लोक ते वर्षभरासाठी काचेच्या बरण्यांत भरून ठेवतात. मला हे शिकवलं शेजारणीने. सत्तरी उलटलेली, कडक शिस्तीची बाई. नवीन झाकणं काढली आणि गेल्या वर्षीची पत्र्याची सरळ कचऱ्यात टाकली. ना गंज, ना पोचा. "धुऊन देऊ का?" म्हटलं तर उत्तर आलं, "नियम आहे."

नियम खरंच आहे, तोही इथल्या कृषी खात्याचा. आट्यांची रिंग पुन्हा वापरा, चपटं झाकण मात्र एकदाच. झाकणाच्या कडेला आतून मऊ लेप असतो. बरणी पाण्यात उकळताना आतली हवा बाहेर पडते, गार होताना झाकण आत ओढलं जातं आणि लेप काचेवर घट्ट बसतो. एकदा त्यावर काठाचा ठसा उमटला की पुढच्या खेपेला हवाबंदीची खात्री नाही. बोट्युलिझमचं, म्हणजे नीट न टिकवलेल्या अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचं, नाव काढल्यावर कोण वाद घालणार! टोमॅटो आंबटपणात काठावरचा, म्हणून दर पाइंटला एक टेबलस्पून बाटलीतला लिंबाचा रस घालायचा, हेही मी निमूटपणे करते. झाकण फेकणं मात्र जिवावर येतं.

इंदूरला आईला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "कोणत्या डब्यात टाकलंस?" ओला, सुका, प्लास्टिक वेगळं करून गाडीत टाकणारी बाई ती. 2017 पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत इंदूरचा देशात पहिला नंबर उगाच नाही आला. (2023चा सुरतेबरोबर वाटून घ्यावा लागला, ते जाऊ द्या.) आमच्याकडे पत्रा, काच, पुठ्ठा सगळं एकाच डब्यात जातं, हे मी तिला सांगितलं नाही. इथली बाजू मीच का पडू द्यायची?

मग पुन्हा वापरता येणारी झाकणं मागवली. पांढऱ्या प्लास्टिकची, खाली रबराची रिंग. कुकरच्या रिंगसारखंच, रबर गेलं की तेवढंच बदलायचं. महाग आहेत आणि नखरेलही. आट्या आधी आवळून थोड्या सैल करायच्या, म्हणजे हवा बाहेर पडते. बरणी पाण्यातून काढली की लगेच पुन्हा आवळायच्या, तेही हात भाजत असताना. शिवाय पत्र्याचं झाकण बसलं की 'टक्' आवाज येतो, तो इथे नाही. दुसऱ्या दिवशी आट्यांची रिंग काढायची, झाकणाला धरून बरणी जरा उचलून बघायची, खालीच दुसरा हात ठेवून. एखादी बसलेली नसते. ती फ्रिजमध्ये जाते आणि त्या आठवड्यात घरात रोज टोमॅटोचं सार.

"प्लास्टिक आणि पर्यावरण?" हा आईचा पुढचा प्रश्न. तिच्या लोणच्याच्या बरणीवर दादरा आणि आत वर तरंगणारं तेल, एवढ्यावर काम भागतं. पण मीठ, तेल नि कैरीचा आंबटपणा तिचं काम करतात; माझ्या सपक टोमॅटोला तेवढ्यात कसं जमणार? आणि तिला बारा महिने दारात ताजा टोमॅटो मिळतो, इथे जानेवारीत पुठ्ठ्यासारखा.

भेट द्यायच्या बरण्यांना मात्र मी पत्र्याचीच झाकणं लावते. आपल्याकडे डबा रिकामा परत येत नाही; इथे बरणीच परत येत नाही.