उदबत्तीतला ऊद

मॉलमधल्या सेंटच्या दुकानातली मुलगी कागदाची पट्टी माझ्या नाकासमोर हलवत म्हणाली, "मॅम, हे ऊड आहे. प्युअर अरेबिक ऊड." 'हूड'शी यमक जुळेल असा तिचा उच्चार. बाटली काळी, जाड काचेची, हातात घेतली तर बत्त्यासारखी जड. मी किंमत विचारली, तिनं सांगितली. तेवढ्यात आमचा दोन महिन्यांचा किराणा येतो. पट्टी फुकट होती, ती पर्समध्ये टाकून घरी आले. आई दिवेलागणीला उदबत्ती लावत होती. जन्मभर तोंडात घोळलेला शब्द, पण त्यात हा 'ऊड' दबा धरून बसलाय हे तोवर कधी कानाला लागलंच नव्हतं.

अरबीत ऊद म्हणजे लाकूड. त्यांच्या एका तंतुवाद्याचंही तेच नाव. पण सुगंधाच्या बाजारात ऊद म्हणजे एकच लाकूड, आपला संस्कृतातला अगरू. हिंदीवाल्यांनी अगर घेऊन अगरबत्ती केली, आपण ऊद घेऊन उदबत्ती. नावं दोन, झाड एक, आणि आज ते झाड दोघांच्याही काडीत सहसा नसतं. बांबूची काडी, कोळशाची भुकटी, चिकटायला जिगट आणि वरून मोगऱ्याचा नाहीतर गुलाबाचा वास. मराठीत नुसता ऊद मागितला तरी वाणी पुडीत बांधून देतो तो वेगळ्याच झाडाचा डिंक. माझ्या भाच्याला न्हाऊ घातल्यावर आई शेगडीतल्या निखाऱ्यावर ओवा आणि हा ऊद टाकायची, आणि पोराला पालथं धरून धुरी द्यायची. त्याच्या जावळाला दुसऱ्या दिवसापर्यंत तो वास यायचा. तेवढ्यावर आमची ऊदाशी ओळख संपली.

खरं झाड आसामात कितीतरी घरांच्या परसात उभं असतं. तिथे त्याला सांची म्हणतात. धडधाकट असेल तोवर त्याचं लाकूड पांढुरकं, हलकं आणि बिनवासाचं, म्हणजे अत्तराच्या दृष्टीनं बिनकामाचं. मग एखादी अळी खोड पोखरते, त्या बोगद्यातून बुरशी आत शिरते आणि तिला अडवायला झाड गडद राळ सोडू लागतं. ती वर्षानुवर्षं मुरत जाते आणि तेवढाच भाग काळा, जड, सुगंधी होतो. अळीची वाट बघायला सवड नसलेले लोक खोडाला खिळे ठोकतात. खोड तोडलं की छिन्नीनं पांढरं तासून काढायचं आणि काळं ठेवायचं. हलक्या प्रतीचा चुरा पाण्यात कित्येक दिवस भिजत घालून भट्टीवर चढवायचा. एवढ्या खटाटोपातून तेल निघतं ते अगदी थोडं. गंमत नावाची आहे. अगुरु या शब्दाची फोड केली तर 'जड नव्हे तो', आणि चिनी नावाचा अर्थ 'बुडणारा सुगंध', कारण राळेनं भरलेला तुकडा पाण्यात तळ गाठतो. आपण बहुधा निरोगी झाडाकडे बघून नाव ठेवलं, त्यांनी आजारी.

या लाकडाच्या नावांचा गोंधळ जुनाच आहे. 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानं या लाकडावर एक अख्खा संवाद लिहिलाय. दक्षिणेत याला अकिल म्हणतात. पोर्तुगीजांच्या जिभेवर त्याचं 'आगिला' झालं, ते गरुडाच्या नावासारखं वाटलं, आणि शास्त्रीय नावातही गरुडच जाऊन बसला: अ‍ॅक्विलारिया. बिचाऱ्या झाडाचा गरुडाशी काडीचा संबंध नाही. त्यापेक्षा बाणभट्ट बरा. कामरूपाच्या, म्हणजे आजच्या आसामच्या, राजा भास्करवर्म्यानं हर्षाला पाठवलेल्या नजराण्यांची यादी तो देतो, तीत काळ्या अगरूचं तेल आहे आणि अगरूच्या सालीवर लिहिलेली पुस्तकंही. ही सातव्या शतकातली गोष्ट. आसामात पुढेही कितीतरी शतकं पोथ्या याच सालीवर लिहिल्या गेल्या, सांचीपात म्हणतात तिला.

माझी पट्टी पर्समध्येच होती. एका शनिवारी ती घेऊन मी मोहम्मद अली रोडला गेले. आसामातल्या होजाईचे अजमल अली 1950 च्या दशकात मुंबईला आले आणि पुढे त्यांच्या घराण्यानं आखाती देशांत ऊदाचं मोठं नाव कमावलं, तेव्हा या शहराला ऊद काही परका नाही. मी शिरले ते दुकान मात्र छोटंसं, नऊवारी घडी करून ठेवायच्या कपाटाएवढं. चाचांनी पट्टी हुंगली, सभ्यपणे परत दिली, आणि कुलूप लावलेल्या खणातून एक कुपी काढली. काचेच्या काडीनं माझ्या मनगटावर एक ठिपका ठेवला. मी सवयीनं दुसरं मनगट घासायला गेले तर ओरडले, "रगडना मत!"

हुंगलं आणि दचकून हात लांब केला. गोठा! शेण नव्हे, पण पावसाळ्यातला कडबा, गुळाची ढेप ठेवलेलं गोणपाट, नवी कोल्हापुरी चप्पल, सगळं एकदम. चाचा म्हणाले, "ये हिंदी है. कंबोडी मीठा होता है." आपल्याकडच्या ऊदाला आखातातही हिंदीच म्हणतात, आणि तिथेही तो तोळ्यावर विकला जातो. सोन्यासारखा, असं लिहिणार होते, पण पाव तोळ्याचा भाव ऐकल्यावर सोनं बरं वाटलं. माझा चेहरा बघून चाचा हसले आणि इवलासा कापसाचा फाया करून हातावर ठेवला.

लोकलमध्ये भायखळ्याला पुन्हा हुंगलं तर गोठा मावळत आला होता. घाटकोपरला जुन्या देवघराचं लाकूड. रात्री भाजी चिरताना काहीतरी गोडसर, धुरकट, मधासारखं. आमच्या हळदीकुंकवातली अत्तरं, हिना काय, मोगरा काय, दारातच हसून स्वागत करतात आणि पान खाईपर्यंत निघून जातात. हा गडी आधी डोळे वटारतो आणि मग मुक्कामाला राहतो. भरपूर पैसे मोजणाऱ्याला नुसता गोड वास पुरत नसावा.

युरोपला ही चव उशिरा लागली. 2002 मध्ये ईव्ह सां लोराँ या फ्रेंच कंपनीनं एम 7 हे ऊदाचं अत्तर काढलं, ते फारसं चाललं नाही. 2007 मध्ये टॉम फोर्डचं ऊद वूड आलं, आणि त्यानंतर प्रत्येक उंची बाटलीवर ऊद दिसू लागला. बाटल्यांना पुरेल इतकी झाडं कुठे आहेत? आसामातल्या या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला 1995 पासून परवाना लागतो, आणि त्या बाटल्यांतला बहुतेक ऊद प्रयोगशाळेत जुळवलेला असतो. म्हणजे मॉलमधली काळी बाटली आणि आमची दहा रुपयांची उदबत्ती यांचं गोत्र एकच: नावात आहे, आत नाही. पण खोटं कशाला बोला, पट्टीवरचा तो केशरी-गोडसर वास मला अजूनही आवडतो.

फाया मी कपाटात ठेवला. चौथ्या दिवशी आई साडी हुंगत बाहेर आली. "कपाटात गाय बांधलीस का गं?" मी झाड, अळी, बुरशी, हर्षवर्धन, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि साड्या वाळत घातल्या. गुरुवारी दत्ताला जाताना मात्र नेमकी तीच नेसली.