बाबांचे कीर्तन आणि जाहिरातमुक्त सदस्यत्व

माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. गुडघेदुखीमुळे सदाशिव पेठेतल्या नारद मंदिरात कीर्तनाला जाणे त्यांनी गेल्या वर्षी बंद केले आणि तेव्हापासून आमच्या कर्वेनगरच्या घरी रोज संध्याकाळी टीव्हीवर यूट्यूबवरची कीर्तने लागू लागली. नारदीय कीर्तनात पूर्वरंग संपला की नामगजर होतो, बुवांना हार घालतात, बुक्का लावतात आणि मग उत्तररंगातले आख्यान सुरू होते. म्हणजे थांबण्याची जागा रचनेतच ठरलेली असते. जाहिरातीला ती जागा कळत नाही. बुवा अभंगाच्या दुसऱ्या चरणाचा अर्थ उलगडत असताना मध्येच सिमेंटची जाहिरात लागायची, बाबा रिमोट शोधायचे, ‘स्किप’चे बटण दिसेपर्यंत चष्मा सरसावून बसायचे आणि तोपर्यंत निरूपणाचा धागा तुटलेला असायचा. हे महिनाभर पाहिल्यावर मी पैसे भरून जाहिराती बंद करायचे ठरवले.

कोणते सदस्यत्व घ्यायचे, यावर मी दोन संध्याकाळी घालवल्या. एका व्यक्तीसाठीच्या यूट्यूब प्रीमियमचे महिन्याला १४९ रुपये होते. कुटुंबासाठीचे २९९ रुपयांचे होते, पण त्यातले सदस्य एकाच घरात राहणारे असावे लागतात आणि माझा भाऊ बंगळुरूला असतो. ८९ रुपयांचे प्रीमियम लाइट स्वस्त असल्याने आधी तेच डोळ्यांत भरले होते. मात्र त्यात संगीताच्या व्हिडिओंवर जाहिराती येऊ शकतात, असे अटींमध्ये स्पष्ट लिहिले होते. बाबांच्या ऐकण्यात कीर्तनाइतकेच अभंग आणि शास्त्रीय गायन असते. ज्या ठिकाणी व्यत्यय सर्वांत जास्त खुपतो, नेमके तेच वगळणारे सदस्यत्व साठ रुपये वाचवण्यासाठी घेणे मला पटले नाही. आयफोनच्या अ‍ॅपमधून घेतल्यास किंमत जास्त पडते, म्हणून मी संगणकावरच्या ब्राउझरमधून १४९ रुपये भरले.

त्या संध्याकाळी टीव्ही लावला आणि पाचव्या मिनिटाला जाहिरात आली. पैसे खात्यातून गेलेले होते आणि माझ्या फोनवर कोपऱ्यातल्या चिन्हाशेजारी ‘प्रीमियम’ असे दिसतही होते. शेवटी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहिले, तेव्हा लक्षात आले की टीव्ही भावाने घेतला असल्यामुळे तिथे अजून त्याचेच जुने खाते चालू होते. सदस्यत्व खात्याला लागू होते, टीव्हीला किंवा घरातल्या वायफायला नाही, ही गोष्ट मला आधी कोणी सांगितली असती तर बाबांची ती संध्याकाळ वाचली असती.

मी माझे खाते टीव्हीवर घातले आणि जाहिराती थांबल्या, पण आठवडाभरात दुसरी अडचण उभी राहिली: बाबांच्या पडद्यावर माझ्या कामाचे व्हिडिओ सुचवले जाऊ लागले आणि त्यांना हवे ते कीर्तनकार खाली ढकलले गेले. त्यामुळे सदस्यत्व बाबांच्याच खात्यावर घ्यायचे ठरले. बाबांची अटही तीच होती. “माझं ऐकणं आहे, पैसे माझ्या पेन्शनमधून जाऊ देत. पण आपोआप कापलेले मला चालणार नाहीत,” असे ते म्हणाले.

त्यांची ही भीती मला रास्त वाटली, म्हणून ऑटोपेचे मँडेट, म्हणजे दरमहा आपोआप पैसे कापण्याची संमती, देताना मी त्यांना शेजारी बसवून प्रत्येक पडदा मोठ्याने वाचून दाखवला. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दरमहा कापल्या जाणाऱ्या अशा रकमेसाठी सुरुवातीला ग्राहकाची स्वतःची मंजुरी लागते आणि पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना द्यावी लागते. बाबांनी यूपीआयचा पिन स्वतः टाकला. त्यानंतर अ‍ॅपमधल्या ऑटोपेच्या यादीत ते मँडेट कुठे दिसते आणि तिथूनच ते थांबवता कसे येते, हे त्यांनी दोनदा करून पाहिले. मँडेट थांबवणे आणि सदस्यत्व रद्द करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही मी त्यांना सांगितले. माझे सदस्यत्व मी यूट्यूबच्या खात्यातूनच रद्द केले आणि भरलेला महिना संपेपर्यंत ते चालू राहिले.

टीव्हीवर खाते बदलणे सोपे निघाले. पडद्यावर अक्षरांचा एक कोड आला; तो बाबांनी एकेक अक्षर वाचत सांगितला आणि मी त्यांच्या फोनवर टाकला. एक गोष्ट मात्र पैसे भरूनही सुटत नाही: काही वाहिन्यांवर निवेदक सुरुवातीलाच एखाद्या दुकानाची शिफारस करतो, ती व्हिडिओचाच भाग असल्यामुळे तशीच राहते. बाबांना तिचे काही वाटत नाही, कारण ती कीर्तनाच्या आधी संपते.

गेल्या आठवड्यात सकाळी त्यांच्या फोनवर संदेश आला की दुसऱ्या दिवशी १४९ रुपये कापले जातील. बाबांनी तो मला वाचून दाखवला, तारीख विचारून पक्की केली आणि खर्चाच्या वहीत दूध आणि वर्तमानपत्र यांच्या खाली निळ्या शाईने नोंद केली: “कीर्तन – १४९”.