कुर्ल्याच्या मोटारींचं सोलापूर

सोलापूरला मी मोटारींच्या ओढीने गेलो. सिद्धेश्वराचं दर्शन झालं, तळ्याकाठी फेरी झाली, शेंगाचटणीही बांधून घेतली. पण डोक्यात होते वालचंद हिराचंद. २३ नोव्हेंबर १८८२ चा त्यांचा जन्म याच गावातला. एके काळी श्रीमंतांच्या दारात उभ्या असणाऱ्या डॉज, प्लायमाउथ, डिसोटो या ऐटबाज अमेरिकन गाड्या कुर्ल्यात जोडल्या जायच्या, त्या याच माणसाच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये.

स्टेशनवरून रिक्षा केली आणि अशोक चौकातल्या वालचंद कॉलेजकडे निघालो. रिक्षावाले काका म्हणाले, “कॉलेज माहीत आहे की, पण मोटारींचं आजच ऐकतोय बघा.” मग वाटभर मीच बोलत राहिलो.

वालचंदांचं घराणं सराफीचं आणि कापसाच्या व्यापाराचं. त्यात त्यांचा जीव रमला नाही. लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेची कंत्राटं घेतली, तीही सुरुवातीला इथूनच जवळच्या बार्शी लाइट रेल्वेची. पुढे जहाजं, विमानं आणि मोटारी. मोटारीचा कारखाना मुंबईत निघावा म्हणून विश्वेश्वरय्यांनी १९३० च्या दशकात योजना आखली होती. वालचंदांनी ती उचलून धरली आणि अमेरिकेतल्या क्रायस्लर या मोटार कंपनीशी बोलणी केली. इंग्रज सरकारने मात्र साथ दिली नाही. अखेर १९४४ मध्ये कंपनी उभी राहिली आणि १९४७ मध्ये कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

तेव्हा मुंबईत गाड्या जोडणारे आणखीही होते. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ पासून चालू होता, फोर्डही होती. इंजिन, सांगाडा, पत्रे असे सुटे भाग पेट्यांतून बोटीने यायचे. इथे ते जोडायचे, रंग द्यायचा, गाद्या बसवायच्या. सगळं कसब परदेशात आणि इथे फक्त पाने फिरवायचे! वालचंदांना एवढ्यावर थांबायचं नव्हतं. भाग इथेच घडले पाहिजेत, हा त्यांचा हट्ट मला त्यांच्या सगळ्या उद्योगांहून मोठा वाटतो. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने, म्हणजे सरकारच्या आयात शुल्क आयोगाने, तोच आग्रह धरला. केवळ जोडणी करणाऱ्यांना इथे जागा उरली नाही आणि जनरल मोटर्स, फोर्ड निघून गेल्या. प्रीमियर टिकली. १९५४ पासून तिथे फियाट ११०० तयार होऊ लागली, तीच पुढे पद्मिनी झाली. ती पाहायला वालचंद नव्हते. ८ एप्रिल १९५३ रोजी ते गेले होते.

दुपारी एका जुन्या गॅरेजात शिरलो. मिस्त्री वयस्कर, हातांना ग्रीस. फियाटचं नाव काढताच त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. “स्टीअरिंगशेजारचा गिअर पाडायचा म्हणजे मनगट लागायचं, साहेब. पार्ट मात्र कुठंही मिळायचा.” पार्ट कुठंही मिळायचा! वालचंदांचा हट्ट आणखी कसा सांगायचा?

आज मर्सिडीज चाकणला जोडली जाते. १९९० च्या दशकात ती पिंपरीत टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) आवारात सुरू झाली होती. चाकणचं कौतुक सगळ्यांना आहे, ते असावंच. पण सोलापूरने आपला हक्कही सांगावा. कुर्ल्यात जोडलेली एखादी डॉज मिळवून ती स्टेशनसमोर, सहज दिसेल अशी उभी करावी आणि शेजारी वालचंदांचं नाव मोठ्या अक्षरांत लिहावं.