माफुशीच्या ओहोटीत दिसलेली जिवंत कवडी

मालदीवचे निळ्या पाण्याचे फोटो मी टाकलेच आहेत, पहिले तीन दिवस स्नॉर्कलिंग, ऊन आणि झोप यात गेले, त्यावर वेगळं काही लिहायचं नाहीये. लिहायचंय ते चौथ्या संध्याकाळबद्दल.

माफुशी बेटावर आमच्या गेस्टहाऊसवाल्याचे एक वयस्कर काका होते, हिंदी सिनेमे बघून शिकलेली छान हिंदी बोलायचे. सुट्ट्या पैशात मला 2 रुफियाचं (रुफिया म्हणजे मालदीवचं चलन) नाणं आलं होतं, त्यावर शंख आहे, तो दाखवून मी विचारलं की तुमच्याकडे पूर्वी पैसा म्हणून हाच चालायचा का. ते म्हणाले, नाही बेटी, वो तो बोली. बोली म्हणजे कवडी. आणि ओहोटी होती म्हणून मला घेऊन थेट गुडघाभर पाण्यात शिरले, एक दगड उचलला, आणि खाली जे होतं ते मला कवडी वाटलंच नाही. करड्या, मऊ पडद्यात गुंडाळलेला एक छोटासा गोळा. त्यांनी बोट लावलं तसा तो पडदा दोन्ही बाजूंनी हळूहळू खालच्या फटीत ओढला गेला आणि आतून पिवळसर, ओली, आरशासारखी कवडी बाहेर आली!! त्या पडद्यामुळेच तिला ती चकाकी असते म्हणे. माझी आजी तुळजापूरच्या भवानीची भक्त, आजीच्या गळ्यात कवड्यांची माळ मी लहानपणापासून बघत आलेय, पण त्या कवड्यांच्या आत कधीकाळी जीव होता हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

काकांनी दगड होता तसा परत ठेवला आणि मग आम्ही किती वेळ बोलत बसलो. पूर्वी म्हणे नारळाच्या झावळ्या पाण्यावर टाकायच्या, कवड्या त्यांना येऊन चिकटायच्या, मग त्या किनाऱ्यावर खड्ड्यात पुरायच्या, मांस कुजून गेलं की पांढरं कवच उरायचं, आणि हा माल जहाजं भरभरून बंगालला जायचा. बदल्यात तांदूळ, कारण या बेटांवर भात पिकत नाही. बंगालच्या बाजारात रोजची मीठ-भाजी कवड्यांवरच चालायची.

रात्री खोलीत मी इब्न बतूता या मोरोक्कन प्रवाशाचं प्रवासवर्णन उघडलं. 1343 च्या सुमारास तो इथे काझी होता. तो लिहितो की इथे 4 लाख कवड्यांना एक सोन्याचा दिनार, कधीकधी भाव उतरून 12 लाखांना एक. आणि हीच कवडी पुढे त्याने आफ्रिकेत माली आणि गाओ इथे बघितली, तिथे दिनारला फक्त 1150! म्हणजे समुद्रापासून जितकी लांब तितकी महाग. आपण कवडीमोल, फुटकी कवडी, कवडीचुंबक म्हणतो ना, ते मला त्या रात्री फार खटकलं. याच कवड्या नंतर डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी युरोपमार्गे पश्चिम आफ्रिकेला नेल्या आणि त्यांवर माणसं विकत घेतली. गुलाम म्हणून. ते वाचल्यावर मला बराच वेळ झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी एका दुकानात कवडीचं की-चेन दिसलं, 5 डॉलर. रुफियात किंमत विचारली तर दुकानदार वैतागला, टूरिस्टला डॉलरच म्हणाला. मला खरंच राग आला. ज्या देशात रुफियाच्या शंभराव्या भागाला अजून लारी म्हणतात, ते नाव वाकवलेल्या चांदीच्या तारेच्या जुन्या नाण्यावरून आलंय आणि तसल्या लाऱ्या आपल्या आदिलशाहीतही पाडल्या जायच्या, तिथे स्वतःच्या पैशात भाव सांगायला काय हरकत आहे? घेतलं नाही मी ते.

तिथूनच आजीला फोन लावला, विचारलं, तुझ्या माळेत किती कवड्या आहेत गं? ती म्हणाली, "देवीचं मोजू नये बाळा." मी गप्प बसले. पण गावी गेल्यावर ती माळ मांडीवर घेऊन एकेक कवडी उलटून नीट बघणार आहे, ती फट कुठे असते ते.