तलावाभोवतीची मागून आणलेली बाग
कर्जतच्या घरामागे पोहण्याचा छोटा तलाव बांधून झाला आणि हातातले पैसे संपले. भोवती नुसती माती. पहिल्याच पावसात ती वाहून पाण्यात उतरली. फार जीव तुटला. मग कडेने चार फूट शहाबादी फरशी घातली, पॉलिश न केलेली, खडबडीत. ओल्या पायांखाली तीच हवी. उतार मात्र तलावाकडे नाही, बाहेरच्या बाजूला काढायचा. गवंड्याजवळ उभं राहून करून घ्या.

झाडं बहुतेक मागूनच आणली. आईकडून गवती चहाचे ठोंब, शेजारच्या काकूंकडून लिलीचे कंद. बांबू नकोच, त्याची पानं सतत पाण्यात पडतात. चाफ्याची फांदी आठवडाभर सावलीत ठेवली, चीक सुकल्यावर लावली. परवा तिला कोंब फुटला, बोटाच्या पेराएवढा, तांबूस हिरवा.