तुम्ही विचारलंत म्हणून: जहांआरानं औरंगजेबाचा किताब घेतलाच कसा?

मुघल घराण्यातल्या बायकांबद्दल मी बरीच वर्षं वाचतेय, अधूनमधून कुठे बोलायलाही बोलावतात, आणि जहांआराचा, म्हणजे शाहजहान आणि मुमताज महलच्या थोरल्या मुलीचा विषय असला की शेवटी कुणीतरी उठून हे विचारतंच. दारा शुकोह तिचा एवढा लाडका भाऊ, औरंगजेबानं त्याला मारलं, बापाला आग्र्याच्या किल्ल्यात डांबलं, मग बाप गेल्यावर त्याच औरंगजेबाच्या हातून पादशाह बेगम, म्हणजे साम्राज्यातली पहिली स्त्री, हा किताब तिनं घेतला, ही कसली निष्ठा? मागच्या महिन्यात एका मुलीनं तर सरळ "म्हणजे ती फिरलीच ना" असंच म्हटलं. तेव्हा धड उत्तर देता आलं नाही, म्हणून आता नीट लिहिते.

माझं माहेर रावेरचं. तिथून बुऱ्हाणपूर म्हणजे अगदी शेजार, लहानपणी आम्ही लग्नाचा बस्ता बांधायला जायचो. 1631 च्या जूनमध्ये मुमताज महल याच गावात बाळंतपणात गेली. चौदावं बाळंतपण होतं ते, आणि झालेल्या चौदा लेकरांपैकी सातच जगली. थोरली जहांआरा तेव्हा 17 वर्षांची, दारा 16 चा, औरंगजेब 12 चा, मुराद तर सहा वर्षांचा, आणि गौहरआरा नुकतीच जन्मलेली. शाहजहानच्या बाकीच्या बायका हयात होत्या तरी त्यानं जनानखान्याचा सगळा कारभार या मुलीच्या हातात दिला. मुमताजच्या मालमत्तेतला अर्धा वाटा एकट्या जहांआराला आणि उरलेला अर्धा बाकीच्या भावंडांत. दाराचं लग्न आईनं ठरवलं होतं, ते 1633 मध्ये हिनंच थाटात लावून दिलं.

आपण सगळे ही गोष्ट 1658 पासून, म्हणजे भावांच्या गादीच्या लढाईपासून वाचायला लागतो आणि मग प्रश्न उरतो की ती दाराची का औरंगजेबाची. मी ती 1631 पासून वाचते. तिथून बघितलं तर आईच्या मागे हाताशी आलेली ही सगळी लेकरं, आणि त्यात औरंगजेब पण आहे हो, तो काय बाहेरून आलेला शत्रू नव्हता तिच्यासाठी.

दाराशी तिचं जास्त जमायचं हे खरंच आहे. दोघांना सूफी विचारांची ओढ, दोघं मुल्ला शाहला गुरू मानायचे, आणि तिनं स्वतः ख्वाजा मोईनुद्दीन चिश्तींचं चरित्र फारसीत लिहिलंय. पण 1644 मध्ये काय झालं ते बघा. दिव्यावरून तिच्या कपड्यांना आग लागली, अत्तर लावलेलं तलम कापड ते, क्षणात पेटलं, वाचवायला धावलेल्या दासीसुद्धा जिवाला मुकल्या, आणि ती स्वतः कित्येक महिने अंथरुणाला खिळून होती, बाप उशाशी बसून. औरंगजेब तेव्हा दख्खनचा सुभेदार, तो बहिणीला बघायला आग्र्याला आला आणि त्याच सुमाराला बापाची मर्जी खप्पा होऊन त्याची सुभेदारी गेली. बरी झाल्यावर जहांआरानंच बापाकडे रदबदली केली, मग त्याला पुढच्या वर्षी गुजरात मिळालं. म्हणजे औरंगजेबासाठी शब्द टाकणं तिनं 1666 मध्ये नव्यानं सुरू केलेलं नाही.

मग 1657 मध्ये शाहजहान आजारी पडला आणि दारा, शुजा, औरंगजेब, मुराद असे चारही भाऊ तलवारी काढून निघाले. धाकटी बहीण रोशनआरा उघड औरंगजेबाच्या बाजूनं. जहांआरानं औरंगजेबाला पत्र लिहून लढाई थांबवायला सांगितलं, वडीलभावावर शस्त्र उचलणं म्हणजे बापावरच उचलणं हे बजावलं. तो थांबला नाही. सामूगढला दारा हरला, औरंगजेबानं आग्र्याच्या किल्ल्याचं यमुनेचं पाणी तोडलं, म्हाताऱ्या बापाला शेवटी दारं उघडावी लागली. आणि त्यानंतर ही बाई स्वतः औरंगजेबाच्या छावणीत गेली, वाटण्या घेऊन. दाराला पंजाब, शुजाला बंगाल, मुरादला गुजरात, औरंगजेबाच्या मुलाला म्हणजे मुहम्मद सुलतानला दख्खन, बाकी सगळं औरंगजेबाला. मला तिच्या अख्ख्या आयुष्यात हा क्षण सगळ्यात मोठा वाटतो. दारा गादीवर बसावा म्हणून ती गेलीच नव्हती, त्याचा खेळ संपलाय हे तिला कळत होतं, चौघं जगावेत एवढंच मागत होती. त्यानं ऐकलं नाही आणि पुढच्या तीन-साडेतीन वर्षांत तिघंही संपले. दारा आणि मुराद मारले गेले, शुजा आजच्या म्यानमारमधल्या आराकानकडे पळाला तो परत आला नाही.

तिला बाहेर राहता आलं असतं, ती बापाबरोबर किल्ल्यात राहिली, जवळजवळ आठ वर्षं. आणि तिथे तिच्याकडे आली दाराची पोरकी मुलगी जानी, ती हिनं पोटच्या पोरीसारखी वाढवली.

1666 च्या सुरुवातीला शाहजहान गेला, औरंगजेब आग्र्याला आला, किताब दिला, तिनं घेतला. तीन वर्षांनी त्याच जानीचं लग्न औरंगजेबाच्या आझम नावाच्या मुलाशी झालं, आणि ते जहांआराच्या हवेलीतून झालं. दाराची मुलगी औरंगजेबाच्या घरात सून म्हणून मानानं गेली. किताब नाकारून दाराशी प्रामाणिक राहिली असती असं ज्यांना वाटतं त्यांनी सांगावं की मग या मुलीचं काय झालं असतं.

मी तिला देवी बनवत नाहीये. सुरत बंदराचं उत्पन्न तिच्या नावावर होतं, महाराजांनी 1664 मध्ये सुरत लुटली, आणि 1666 मध्ये महाराज आग्र्याला होते तेव्हा औरंगजेबाकडे त्यांच्याविरुद्ध तक्रार करणाऱ्यांत ही पण होती. मराठी माणसाला हे लागतं, मलाही लागलं पहिल्यांदा वाचलं तेव्हा. पण तिची माया तिच्या घरापुरती होती आणि महाराज त्या घराचे शत्रू होते, तिनं दुसरं काय करावं.

आमच्या घरी दोन काकांचा बांधावरून वाद होऊन बोलणं तुटलं तेव्हा आत्या भाऊबीजेला दोन्ही दारात वेगवेगळं ताट घेऊन जायची. गावात तिला दुतोंडी म्हणायचे. मी लहान होते, मलाही तसंच वाटायचं, आणि त्याची अजून लाज वाटते.

जहांआरा 1681 च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीत गेली. निजामुद्दीन दर्ग्यात तिची कबर आहे, वर छत नाही, कबरीवर गवत, तिनंच लिहून ठेवलं होतं की गरिबाला एवढं पांघरूण पुरे. औरंगजेब तेव्हा अजमेरहून दख्खनवर निघाला होता, संभाजी महाराजांवर. वाटेत बातमी पोचली आणि त्यानं तीन दिवस मुक्काम केला, एवढी फौज जागच्या जागी थांबली. मग तो पुढे निघाला आणि नोव्हेंबरमध्ये बुऱ्हाणपूरला पोचला, जिथे पन्नास वर्षांपूर्वी त्यांची आई गेली होती.