कोनदुभाजकावर उभा राहा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे, असे बाईंचे पत्र आले तेव्हा मी संघाबरोबर परगावी होतो, आणि ते वाचताच आठवले ते आपले गणिताचे सर. त्यांचे नाव लिहिण्याची आवश्यकता नाही. सकाळी मागच्या मैदानावर फुटबॉल आणि दुपारी आठवी 'ब'ला भूमिती शिकवणारे सर एकच होते.

सरांनी मला आघाडीवरून बचावफळीत आणले, तेव्हा मी रुसून दोन दिवस मैदानावर गेलो नव्हतो. पुढे आंतरशालेय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात मी चेंडू काढण्यासाठी जमिनीवर झोकून दिले, समोरच्या मुलाला पाय लागला, पंचांनी पेनल्टी दिली आणि आपण त्या एका गोलने हरलो. परतीच्या बसमध्ये सर माझ्या शेजारी बसले, पण एक शब्दही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेपूर्वी त्यांनी मला मैदानावर बोलावले. खिशातून सुतळीचा गुंडा काढून त्यांनी तिची दोन टोके गोलच्या दोन खांबांना गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधली, आणि मधला भाग अकरा मीटरवरच्या पेनल्टीच्या खुणेपाशी, चेंडूशेजारी पायाखाली दाबून धरला. "पाया ७.३२ मीटर, शिरोबिंदूवर चेंडू. तू कुठे उभा राहशील?" मला उत्तर सुचेना. "कोनदुभाजकावर. आणि आता चेंडूकडे चालत ये." मी एकेक पाऊल पुढे येत गेलो, तसतशा दोन्ही सुतळ्या जवळ येत गेल्या आणि चेंडू दोन पावलांवर राहिला तेव्हा त्या माझ्या घोट्यांना घासू लागल्या. "बघ, एवढा मोठा गोल तू एकट्याने झाकलास. चेंडू हलला की दुभाजक हलतो, तूही हल. हिसकावण्याची घाई करू नकोस. तू पायांवर आहेस तोपर्यंत त्याला वाट नाही." मग चपला काढून, पहिल्या तासाची घंटा होईपर्यंत सर स्वतः चेंडू घेऊन माझ्या अंगावर येत राहिले.

बालेवाडीला पुणे एफसीचे आय-लीगचे, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय फुटबॉल साखळी स्पर्धेचे, सामने पाहायलाही त्यांनीच आम्हाला नेले. २०१२-१३च्या मोसमात हा संघ उपविजेता ठरला, तेव्हा आम्ही मुले हरखून गेलो होतो. पण सरांचा नियम असा की, चेंडू कुठेही असो, आपण मधल्या दोन बचावपटूंवरची नजर काढायची नाही. हा खेळ आपल्या गावात पोट भरण्याइतका मोठा होऊ शकतो, हे मला तिथेच प्रथम पटले.

अठराव्या वर्षी मी पहिला व्यावसायिक करार केला आणि कित्येक महिने राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून काढले. अखेर एका सामन्यात शेवटच्या दहा मिनिटांसाठी उजव्या बगलेला उतरलो. समोरचा विंगर वेगाने अंगावर आला, दोनदा हुलकावणी दिली. मी पायांवर राहिलो, आणि त्याला चेंडू मागे द्यावा लागला. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. रात्री सरांचा फोन आला: "दुभाजक सोडला नाहीस."

आज पुण्याच्या मुलांना बालेवाडीत तसे सामने पाहायला मिळत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. पुणे एफसी २०१५ नंतर आय-लीगमध्ये दिसला नाही. २०१४ साली इंडियन सुपर लीगमध्ये उतरलेला एफसी पुणे सिटीही २०१९ मध्ये बंद झाला आणि त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला. मागच्या मैदानाच्या अर्ध्या भागात आता वाहने उभी राहतात, गोलचे खांबही काढलेले दिसले. व्यवस्थापनाला माझी कळकळीची विनंती आहे की, महोत्सवापूर्वी ते पुन्हा रोवावेत. त्या दिवशी सकाळी सात वाजता मी मैदानावर असेन, सरांनीही येण्याचे कबूल केले आहे. ज्या मुलामुलींना बचाव शिकायचा आहे त्यांनी अवश्य यावे. सुतळी मी आणतो.